टाकळीचा दात आणि रिकाम्या चौकटी

मे २०२५ मध्ये भारतातल्या एका नव्या डायनोसॉरची बातमी आली आणि फारशी चर्चा न होता विरूनही गेली. नाव मलेरिरॅप्टर कुट्टी. तेलंगणातल्या मलेरी खडकांत सापडलेला, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर धावणारा छोटा शिकारी. त्याचा सांगाडा म्हणून जे हाती आहे ते मुख्यतः कमरेची काही हाडे आणि शेपटीचे मणके. डोके नाही, दात नाहीत, हात नाहीत. ही हाडे खडकातून बाहेर आली आणि त्यांना नाव मिळाले, या दोन घटनांमध्ये बरीच वर्षे गेली. मधल्या काळात ती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहात होती. नावातला 'कुट्टी' हा त्या संस्थेचे भूवैज्ञानिक टी. एस. कुट्टी यांच्या कार्याचा गौरव आहे.

मी बंगळुरूत राहतो. ही बातमी आमच्या इमारतीतल्या एका दहावीच्या मुलीला मी उत्साहाने सांगितली, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "काका, हाडे तर सुटी सुटी सापडतात. एकातून दुसरे झाले, हे कोणी पाहिले?"

प्रश्न नेमका आहे. जीवाश्म म्हणजे उत्क्रांतीचे छायाचित्र, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एकटे हाड उत्क्रांतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ते एवढेच सांगते की असा एक प्राणी होता. बदलाची गोष्ट सुरू होते ती एका हाडाशेजारी दुसरे हाड ठेवल्यावर. आणि ते दुसरे हाड पुष्कळदा दुसऱ्या खंडातून आणि शंभर वर्षांनी येते. भारतातल्या शिकारी डायनोसॉरांचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा महाराष्ट्रातला आहे. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे जरा विस्ताराने लिहितो.

आरंभ बंगळुरूच्या पायाखालून करू. लालबागेतल्या त्या मोठ्या खडकावर, केंपेगौडाच्या मनोऱ्यापाशी, रोज शेकडो लोक चढतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. हा द्वीपकल्पीय नीस, वय सुमारे ३०० कोटी वर्षे. त्या काळी पृथ्वीवर जीवसृष्टी होती ती सूक्ष्मजीवांची. हाड नावाची वस्तूच अजून अस्तित्वात आलेली नव्हती. शिवाय हा खडक भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने पुरता बदललेला. त्यात सांगाडा टिकण्याची शक्यता नाही. लालबागेच्या खडकाचा जन्म एक जानेवारीला झाला आणि आज एकतीस डिसेंबरची मध्यरात्र आहे असे मानले, तर मलेरिरॅप्टर पाच डिसेंबरच्या सुमारास वावरत होता आणि भारतातले शेवटचे मोठे शिकारी डायनोसॉर तेवीस डिसेंबरच्या आसपास संपले. शहरातल्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात मुलांना डायनोसॉरची हलती प्रतिकृती पाहता येते. खरा डायनोसॉर या शहराच्या जमिनीत कधीच सापडणार नाही. त्यासाठी गाळाचे खडक हवेत, योग्य वयाचे हवेत, आणि त्यांना फार भाजलेले-दाबलेले नसावे. दक्षिण आणि मध्य भारतात अशा जागा मोजक्याच आहेत: गोदावरी-प्राणहिता खोरे, तमिळनाडूतला अरियलूरचा परिसर, आणि दख्खनच्या लाव्हाच्या थरांखाली व थरांमध्ये अडकलेले गाळाचे पट्टे. यातला शेवटचा गट आपल्या विदर्भापासून नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला आहे.

माझे बालपण नागपुरात गेले. टाकळी हे आज शहराचे एक अंग आहे. पण भूविज्ञानाच्या ग्रंथांत टाकळीचे नाव एकोणिसाव्या शतकापासून आढळते. स्टीफन हिस्लॉप या धर्मोपदेशकाने १८५० च्या दशकात नागपूर परिसरातल्या खडकांचा अभ्यास करून विपुल जीवाश्म जमवले. पुढे टाकळीच्या गाळात एक दात मिळाला. १८९० मध्ये रिचर्ड लिडेकर या पुराजीवशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करून त्याला 'मॅसोस्पॉन्डायलस रॉवेसी' असे नाव दिले.

मॅसोस्पॉन्डायलस हा दक्षिण आफ्रिकेतला लांब मानेचा, प्रामुख्याने वनस्पतींवर जगणारा डायनोसॉर. तो होऊन गेला ज्युरासिक काळाच्या आरंभी, म्हणजे टाकळीचा गाळ साठण्यापूर्वी दहा कोटींहून अधिक वर्षे आधी. आज तो दात मांसाहारी डायनोसॉरचा, बहुधा अबेलिसॉरिड कुळातल्या प्राण्याचा मानला जातो. लिडेकर निष्णात होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही. १८९० मध्ये अबेलिसॉरिड कुळ जगाला ठाऊकच नव्हते. ज्या खणात तो दात ठेवायला हवा होता, तो खण अजून तयार व्हायचा होता.

दातच का सापडतात, हेही सांगायला हवे. दाताचे कवच हाडापेक्षा कठीण असते. आणि शिकारी डायनोसॉरांचे दात माणसासारखे एकदाच पडून येत नसत, तर आयुष्यभर झिजत, गळत आणि नवे येत. मादागास्करच्या मजुंगासॉरस या शिकाऱ्याच्या दातांच्या अभ्यासातून २०१९ मध्ये असे दिसले की एका जागेवरचा दात सुमारे दोन महिन्यांनी बदलला जाई. म्हणजे एकाच प्राण्याने आपल्यामागे दातांचा ढीग सोडलेला असतो आणि सांगाडा मात्र एकच. तोही नदीच्या पुरात विखुरलेला. त्यामुळे शिकाऱ्यांचा इतिहास पुष्कळदा दातापासून सुरू होतो, आणि दातापाशी थांबला तर फसतोही.

टाकळीहून आता जबलपूरला जाऊ. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना तिथल्या बडा शिमला टेकडीच्या परिसरात मोठी हाडे मिळाली. आशियातल्या डायनोसॉर जीवाश्मांची ही सर्वांत जुनी नोंद. त्या वेळी 'डायनोसॉर' हा शब्दही नव्हता. तो १८४२ चा. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी त्याच टेकडीवर मांसाहारी डायनोसॉरांच्या हाडांनी भरलेला एक थर शोधला. टायरॅनोसॉरस रेक्सचा शोध ज्याच्या नावावर आहे तो अमेरिकेचा बर्नम ब्राउनही १९२२ मध्ये तिथे जाऊन हाडे घेऊन गेला.

मॅटलींनी १९२० च्या दशकात यांतल्या काही हाडांना 'लॅमेटासॉरस इंडिकस' असे नाव दिले आणि तो चिलखती अंगाचा वनस्पतिभक्षक असावा असे मानले, कारण हाडांबरोबर कातडीत बसणाऱ्या अस्थिपट्टिकाही मिळाल्या होत्या. १९३० च्या दशकात डी. के. चक्रवर्ती यांनी प्रश्न उपस्थित केला: लॅमेटासॉरस खरोखर चिलखती डायनोसॉर आहे काय? त्यांची शंका रास्त होती. कमरेची व पायाची हाडे शिकाऱ्याची होती. पट्टिका दुसऱ्याच कुणाच्या. एकाच थरात शेजारी पडलेली दोन हाडे एकाच प्राण्याची असतात असे नाही. पुराचे पाणी मढी एकत्र आणते, नातेसंबंध पाहत नाही.

१९३३ मध्ये फ्रीडरिख फॉन ह्यून आणि मॅटली यांनी जबलपूरच्या हाडांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस ही शिकाऱ्यांची नावे त्यातली. फॉन ह्यून यांनी मोठ्या शिकाऱ्यांना उत्तर अमेरिकेच्या अ‍ॅलोसॉरसच्या नात्यात ठेवले. पुढे इंडोसुकसला टायरॅनोसॉरसच्या कुळात नेण्याचेही प्रयत्न झाले. कवटीचा छोटासा भाग हाती असताना ओळखीच्या चेहऱ्यांशीच तुलना होणार, आणि ओळखीचे चेहरे सगळे उत्तर गोलार्धातले होते.

कुलूप जबलपुरात होते, किल्ली निघाली अर्जेंटिनात. १९८५ मध्ये होसे बोनापार्ते आणि फर्नांडो नोव्हास यांनी पातागोनियातल्या एका कवटीवरून अबेलिसॉरस हे नाव आणि अबेलिसॉरिड हे नवे कुळ मांडले. त्याच वर्षी बोनापार्ते यांनी कार्नोटॉरस जगासमोर आणला: जवळजवळ पूर्ण सांगाडा, काही ठिकाणी कातडीचे ठसेसुद्धा. आखूड आणि उंच कवटी, कपाळाची जाड झालेली हाडे, डोळ्यांवर दोन शिंगे, आणि हास्यास्पद वाटावेत इतके लहान हात. या सांगाड्याशेजारी ठेवताच जबलपूरचे तुकडे बोलू लागले. इंडोसुकस आणि इंडोसॉरस हे अ‍ॅलोसॉरसचे नव्हते, टायरॅनोसॉरसचेही नव्हते; ते या दक्षिणी कुळाचे होते. हाडे तीच, मोजमापे तीच. शेजार बदलला आणि अर्थ बदलला.

आता गुजरातकडे वळू. १९८० च्या दशकाच्या आरंभी बालासिनोरजवळच्या रैयोली गावात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी हाडांची मोठी रास उकरली. त्यांनी एक काम फार नेटके केले: कोणते हाड जमिनीत कुठे, कोणत्या दिशेने पडले होते, याचा नकाशा काढला. सुमारे दोन दशकांनी जेफ्री विल्सन आणि पॉल सेरेनो हे अमेरिकी अभ्यासक भारतीय सहकाऱ्यांबरोबर त्या हाडांकडे वळले, तेव्हा त्या नकाशाच्या आधारे मिसळलेल्या ढिगातून एका प्राण्याची हाडे निवडता आली. २००३ मध्ये विल्सन, सेरेनो, श्रीवास्तव, भट्ट, खोसला आणि साहनी यांच्या शोधनिबंधात त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले. नर्मदाकाठचा राजा. मेंदूच्या कवटीचा भाग, कमर, पाय, शेपटी. आणि कपाळावर एकच, बुटके शिंग. २०१० मध्ये त्याच परिसरातून राहिओलिसॉरस आला. त्यात लहान-मोठ्या वयाचे किमान सात प्राणी होते आणि त्यांची हाडे राजासॉरसपेक्षा सडपातळ होती.

इथे मुलीच्या प्रश्नाकडे येतो. एकातून दुसरे झाले, हे कसे कळते?

पहिली दुरुस्ती प्रश्नातच करावी लागते. राजासॉरस हा मलेरिरॅप्टरचा पणतू नव्हे. उत्क्रांतीचे चित्र शिडीचे नाही, वडाचे आहे. सापडलेला प्रत्येक जीवाश्म बहुतेक वेळा एखाद्या फांदीचे टोक असतो, खोड नव्हे. मलेरिरॅप्टर हा हेरेरासॉर गटातला. शिकारी डायनोसॉरांच्या अगदी आरंभीच्या फांद्यांपैकी ही एक. ती थेरोपॉड या मुख्य शिकारी शाखेच्या आत बसते की बाहेर, यावर आजही मतभेद आहेत. म्हणून अभ्यासक 'कोण कोणाचा बाप' असे विचारत नाहीत. 'कोणाची कोणाशी जवळीक अधिक, आणि कोणते लक्षण आधीचे, कोणते नंतरचे' असे विचारतात.

हे ठरवण्याची रीत हातांच्या उदाहरणावरून पाहू. अर्जेंटिनाचा हेरेरासॉरस सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या हाताची तीन बोटे लांब, नखे वाकडी. भक्ष्य पकडण्याचा हात. कार्नोटॉरस सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची चारही बोटे थिटी, कोपराखालची हाडे खुंटासारखी. एवढ्या दोन टोकांवरून 'हात लहान होत गेला' असे म्हणणे हा अंदाज झाला. पुरावा मधल्या प्राण्यांनी दिला. २०१२ मध्ये अर्जेंटिनातून इओअबेलिसॉरस प्रसिद्ध झाला, सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचा, अबेलिसॉरिड कुळाच्या आरंभापाशी किंवा त्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला. त्याच्या दंडाचे हाड अजून बऱ्यापैकी लांब आहे. मात्र कोपराखालचा भाग आणि पंजा आखडू लागला आहे. म्हणजे हात सगळा एकदम आकसला नाही. तो टोकाकडून आखडत आला; पंजा आधी, दंड नंतर. ही क्रमवारी एका हाडात कुठेही लिहिलेली नाही. तीन प्राणी, तीन वये आणि तीन मोजमापे शेजारी ठेवल्यावरच ती वाचता येते.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. टायरॅनोसॉरसचेही हात लहान, म्हणून तो अबेलिसॉरिडांचा भाऊ असावा असे कुणालाही वाटेल. पण टायरॅनोसॉरसला बोटे दोनच, आणि त्याच्या कोपराखालची हाडे खुंटासारखी नाहीत. अबेलिसॉरिडांनी बोटांची संख्या जुनीच, चार, ठेवली आणि ती निरुपयोगी केली. टायरॅनोसॉरसचे जुने पूर्वज लांब हातांचे होते, हेही त्या शाखेतल्या आधीच्या जीवाश्मांवरून दिसते. कार्कारोडोंटोसॉरस या तिसऱ्या कुळातल्या मेराक्सेसचे लहान हात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन कुळे, तीन वेगळ्या वाटा, आणि मुक्काम एकच: डोके मोठे, हात लहान. जबड्याने शिकार करणाऱ्या जड प्राण्याला हातांची गरज उरली नसावी, असा तर्क यातून निघतो. तो तर्कच आहे. पण एकाच परिणामाची तीन स्वतंत्र उदाहरणे मिळाली की तर्काला वजन येते.

तिसरी अडचण वयाची. लहानखुरा आणि मोठा असे दोन सांगाडे मिळाले, तर त्या दोन प्रजाती की एकाच प्रजातीतले पोर आणि बाप? चीनच्या लिमुसॉरसने या बाबतीत सर्वांना सावध केले. हा अबेलिसॉरिडांचा दूरचा नातलग. २०१६ मध्ये त्याच्या लहान ते प्रौढ अशा १९ नमुन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की पिल्लांना दात होते आणि मोठ्यांना मुळीच नव्हते. वाढताना दात गळून चोच उरत असे. त्यातले एक पिल्लू आणि एक प्रौढ एवढेच सापडले असते, तर त्यांना दोन भिन्न प्राणी ठरवण्याचा मोह सहज झाला असता. राहिओलीतल्या सात प्राण्यांचे मोल यासाठीच आहे. एकाच जागी निरनिराळ्या वयांचे नमुने मिळाले, तर वाढीने होणारा बदल आणि उत्क्रांतीने झालेला बदल वेगळे करता येतात.

आणि चौथा साक्षीदार भूगोल. राजासॉरसचे मादागास्करच्या मजुंगासॉरसशी जवळचे साम्य आहे. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. हे दोन्ही प्राणी त्यानंतर पुष्कळ काळाने, सात कोटी वर्षांच्या अलीकडे जगत होते. म्हणजे त्यांचा सामाईक पूर्वज विलगीकरणापूर्वीच्या अखंड भूमीवर असणार, किंवा नंतरही जमिनीचा एखादा दुवा उरला असणार. चित्र असे जुळत असतानाच २०१४ मध्ये दक्षिण फ्रान्समधला आर्कोव्हेनेटर मजुंगासॉरस आणि भारतीय शिकाऱ्यांच्या जवळचा म्हणून पुढे आला. तिथपर्यंत हे कुळ पोहोचले कसे? आफ्रिकेतून युरोपात वाट होती काय? एका नव्या सांगाड्याने जुने उत्तर मोडले नाही, त्याचा नकाशा मोठा केला. मलेरिरॅप्टरनेही हेच केले. त्याच्या काळापर्यंत दक्षिणेकडच्या खंडांतून हेरेरासॉर नाहीसे झाले असावेत, असे उपलब्ध जीवाश्मांवरून वाटत होते. कमरेच्या काही हाडांनी ती मुदत वाढवली.

तर 'हे कोणी पाहिले' याचे माझे उत्तर असे: कोणीही पाहिले नाही. पण न्यायालयातही प्रत्यक्षदर्शी नसताना निकाल लागतो, कारण एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार एकच हकिगत सांगतात. पातागोनियातले हाड, नर्मदाकाठचे हाड आणि मादागास्करचे हाड यांनी एकत्र बसून कट केलेला नाही. शिवाय नवा साक्षीदार येऊन हकिगत बदलू शकतो, ही मुभा या न्यायालयात कायम खुली असते.

मात्र साक्षीदार जिवंत ठेवावा लागतो. मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक बोचते ती हीच बाजू. लॅमेटासॉरसची कमर आणि पाय राजासॉरसशी फार मिळतेजुळते असावेत, असे जुनी वर्णने आणि चित्रे पाहून वाटते. दोन्ही एकच प्राणी असेल, तर आधीच्या नावाचा मान लॅमेटासॉरसला जायला हवा. पण तपासणार कसे? मॅटलींनी गोळा केलेल्या त्या हाडांचा पत्ता लागत नाही. पाणी, लाव्हा आणि साडेसहा कोटी वर्षे यांतून सुखरूप बाहेर आलेले हाड माणसाच्या ताब्यात आल्यावर शंभर वर्षेही टिकले नाही. त्या प्रश्नाचे दार त्यामुळे बंद आहे.

याच्या उलट घडलेलेही एक उदाहरण आहे, आणि त्याचा धागा बंगळुरूपर्यंत येतो. स्लीमन यांच्या मूळ शोधातल्या शेपटीच्या मणक्यावरून लिडेकरने १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले होते. हा वनस्पतिभक्षक, वर सांगितलेल्या शिकाऱ्यांच्या भक्ष्यांपैकी एका कुळाचा. पुढे तो मणका हरवला असे अभ्यासक धरून चालले होते. २०१२ मध्ये तो कोलकात्याला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. धनंजय मोहबे, सुभाशीष सेन आणि जेफ्री विल्सन यांनी त्याची हकिगत २०१३ मध्ये 'करंट सायन्स' या बंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकात लिहिली. ज्या शहराच्या खडकात एकही डायनोसॉर मिळणार नाही, त्या शहरातून भारताच्या पहिल्या डायनोसॉरचे पुनरागमन छापून आले.

मोहबे हे नागपूरच्या अभ्यासक-परंपरेतले नाव. गुजरातेत त्यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांसह एक दगड मिळाला होता. २००१ मध्ये तो पाहताना विल्सन यांच्या लक्षात आले की त्यातले काही मणके सापाचे आहेत. २०१० मध्ये सनाजेह इंडिकस या नावाने तो प्रसिद्ध झाला: सुमारे साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला, शेजारी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हाडे. दगड तोच होता. तो जपून ठेवलेला होता म्हणून दुसऱ्यांदा वाचता आला.

विद्यार्थी मित्रांनो, या गोष्टीला आजचा एक संदर्भही आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणात केवळ आनुवंशिकता उरली. १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्रकावर सह्या केल्या. अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी हे केले आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच, असे समर्थन पुढे आले. पण दहावीनंतर जो वाणिज्य, कला किंवा अभियांत्रिकीकडे जातो, त्याच्या हातात ते बारावीचे पुस्तक कधीच येत नाही. त्याची खरी हानी डायनोसॉरांची नावे न कळण्यात नाही. तुटक पुराव्यातून निष्कर्ष कसा काढावा, तो किती ठामपणे मांडावा आणि नवा पुरावा आल्यावर तो कसा बदलावा, याचा सर्वांत सुंदर धडा त्याच्याकडून हुकतो. त्या मुलीचा प्रश्न वर्गात विचारला जायला हवा होता. तो जिन्यात विचारला गेला.

तुमच्यापैकी जे विदर्भात आहेत त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळाली. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश आढळले आणि गवताचा इतिहास मागे सरकला. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस हा लांब मानेचा डायनोसॉर आज ज्या नावाने ओळखला जातो, त्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे आहेत. भक्ष्य तिथे होते, तेव्हा शिकारीही होतेच. नांगराखाली वा विहिरीच्या खोदकामात जड, चमत्कारिक घडणीचा दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नका आणि विकू तर मुळीच नका. जागेवरच राहू द्या, छायाचित्र घ्या, ठिकाण नोंदवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. श्रीवास्तवांचा नकाशा नसता तर रैयोलीचा ढीग ढीगच राहिला असता, हे विसरू नका.

प्राण्यांचे नातेसंबंध ठरवण्यासाठी अभ्यासक एक मोठा तक्ता करतात. आडव्या ओळीत प्राणी, उभ्या रकान्यांत लक्षणे: कपाळाचे हाड जाड आहे का, दंडाची लांबी किती, दाताची कडा कशी. जे हाड सापडलेले नाही किंवा हरवले आहे, त्या चौकटीत प्रश्नचिन्ह टाकण्याची रीत आहे. आपल्या इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, मलेरिरॅप्टर यांच्या ओळींत अशी प्रश्नचिन्हे भरपूर आहेत. राजासॉरसचे हात कसे होते? प्रश्नचिन्ह. मलेरिरॅप्टरची कवटी? प्रश्नचिन्ह. टाकळीचा तो दात नेमका कोणत्या जबड्यातला? तेही प्रश्नचिन्हच. यांतल्या काहींची उत्तरे अजून शेताखाली असतील, आणि एखादे बहुधा खोदूनही झालेले, चिठ्ठी न लावलेल्या खोक्यात कुठेतरी पडले असेल.